मागून येतोय

आवाज परत लावून ऐकला तेव्हा एक घोडा जास्त निघाला. पत्र वाचून संपलं होतं, गाणारीचा शेवटचा सूर विरला होता, एकेक करून सगळे घोडे गप्प झाले होते, आणि बाईंनी मागितलेली ती शांतता सुरू झाली होती जिच्यासाठी हा सगळा रेडिओचा कार्यक्रम उभा केला होता. त्या शांततेत कुणीतरी चालत होतं. तीन टापा आणि एक रिकामी जागा. पुन्हा तीन टापा आणि एक रिकामी जागा. घाई नाही, दम लागलेला नाही. भाजी आणायला निघालेल्या माणसासारखा तो घोडा आपला चालला होता. टापरेने हेडफोन काढले, त्यांच्या आत डोकावून पाहिलं, परत घातले. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक बसला होता. कान झिजू नयेत म्हणून कामाबाहेर तो कापसाचे बोळे घालून हिंडायचा, त्यामुळे त्याला सगळे कापूस म्हणत; आणि घोड्यांच्या टापा वाजवतो म्हणून ह्याला टापरे म्हणत, इतकी वर्षं की बाहेर कुणी खऱ्या नावाने हाक मारली की तो मागे वळून बघायचा, कोण आलंय म्हणून. कापसाने भुवया वर केल्या. "तुझा आहे का?" रस्त्यात हरवलेल्या पोराबद्दल विचारावं तसं त्याने विचारलं. टापरे म्हणाला, "माझे सगळे मेले."

आणि ते खरं होतं. सकाळपासून बसून त्यानेच ते मारले होते. प्रत्येक घोड्याला त्याने नारळाच्या करवंट्यांची वेगळी जोडी दिली होती: एक जाड, एक पातळ, एक कडेला झिजलेली, एक आतून चिंधी चिकटवलेली. समोर पसरट ट्रे, एकात ओलं गोणपाट, एकात खडी, एकात वाळू. कार्यक्रमातल्या घोडेस्वारांचा रिसाला चिखलातून गेला तेव्हा गोणपाट, डोंगर चढला तेव्हा खडी, आणि नंतर ते मिठाचं वाळवंट लागलं तेव्हापासून नुसती वाळू. एकेक घोडा वेगळा वाजवायचा, मग कापूस ते सगळे एकमेकांवर चढवून त्यांचा रिसाला करायचा. वडील म्हणायचे, "एवढं शिकवलं, वाढवलं, आणि शेवटी तू खोबरं काढून घेतल्यावर जे उरतं त्यावर पोट भरतोस." हे ते विनोदाने म्हणत नसत. ते शाळेत कवायतमास्तर होते, आणि विनोद हा प्रकार ते पाऊल चुकण्यातच धरत. एकदाच त्यांनी टापरेचा कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला होता, आरामखुर्चीत ताठ बसून, आणि संपल्यावर म्हणाले होते, "तिसऱ्या घोड्याचं पाऊल चुकतंय." टापरे म्हणाला होता, बाबा, तो घोडा आहे, मुलगा नाही. "म्हणून काय झालं," वडील म्हणाले होते.

आता ते दवाखान्यात होते आणि काहीच म्हणत नव्हते. त्यांच्या घशात नळी होती, नळीच्या दुसऱ्या टोकाला मशीन होतं, आणि डॉक्टर, जो टापरेपेक्षा लहान होता आणि ज्याच्या डोळ्यांखाली इतकी काळी वर्तुळं होती की त्यालाच आधी झोपवावं असं वाटे, काल संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये म्हणाला होता, "आता ते श्वास घेत नाहीयेत. मशीन घेतंय. ते परत येणार नाहीत. मशीन बंद करायला परवा दुपारपर्यंत मला हो म्हणा." एवढंच होतं. एक अक्षर. टापरेला भाऊ नव्हता, बहीण नव्हती, आई तर केव्हाच गेली होती. ते अक्षर त्याच्याच तोंडातून यायला हवं होतं. रात्रभर त्याने ते आरशासमोर म्हणून पाहिलं. तोंड त्या आकाराचं व्हायचं, आवाज यायचा नाही. ज्याच्या धंद्यातच नसलेल्या वस्तूंचे आवाज काढायचे असतात त्याच्यावर ही पाळी यावी याची त्याला गंमत वाटली, आणि मग गंमत वाटल्याची भीती वाटली.

"तो काढून टाक," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे कार्यक्रमाच्या दिग्दर्शिका. त्यांनी डोळे पुसत पुसतच हे म्हटलं, कारण शेवटचं पत्र ऐकून त्या दर वेळी रडत आणि रडताना कामाचं बोलत. कार्यक्रमाची सगळी कल्पना त्यांची. निवेदक नको, तारखा नकोत, तोफा तर नकोतच. एका स्वाराने थोरल्या बहिणीला लिहिलेली पत्रं, रिसाल्याच्या नालबंदाच्या कविता, आणि स्वार घोड्यांना झोपवताना म्हणत ते गाणं. एवढ्यावर सगळी मोहीम उभी करायची, मधे फक्त टापा. पत्रं वाचणारा माणूस बँकेत नोकरीला होता. त्याचा आवाज विहिरीतून येणाऱ्या आवाजासारखा होता आणि तो पत्रवाला म्हणून इतका मुरला होता की चहासुद्धा पत्रातच मागायचा: "प्रिय, सप्रेम नमस्कार, साखर कमी." पण माइकसमोर बसला की तो नाहीसा व्हायचा, आणि राहायचा तो स्वार. *ताई, पोहोचलो की नाही ते माहीत नाही, कारण कुठे पोहोचायचं ते आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. पण घोडा थांबला आहे, त्या अर्थी पोहोचलो असणार.* आणि वाळवंटातलं ते दुसरं: *पाणी संपून बरेच दिवस झाले. रात्री घोड्यांना पाण्याचा आवाज येतो, आम्हाला येत नाही. सकाळी ते ज्या दिशेला कान करून उभे असतात तिकडे आम्ही निघतो. नकाशा आता कुणी उघडत नाही. साहेब त्यावर झोपतात.* मग नालबंदाची कविता यायची, आणि ती कुणी वाचायची नसे. ती गाणारी नुसती पुटपुटायची, सर्दी झालेल्या तिच्या आवाजात, हातोडीच्या ठोक्यांवर:

चार खिळे इकडे, चार खिळे तिकडे,
मधे एवढंसं रान.
ज्याच्या पायाला मी लोखंड दिलं
त्याने मला दिला कान.

मोहीम जिंकली होती. हेच तर त्यातलं विचित्र होतं. ज्या गावासाठी निघाले ते गाव मिळालं, विहिरी मिळाल्या, घोडे पोट फुटेस्तोवर पाणी प्यायले, लढाई संपली. आणि मग हुकूम आला की गलबतांत माणसांपुरतीच जागा आहे. *ताई, घोडे इथेच राहायचे आहेत. राहायचे म्हणजे काय ते तू समज. कुणी आपापला मारायचा नाही असं आमच्यात ठरलं. मी शेजाऱ्याचा, शेजारी माझा. संध्याकाळी आम्ही लगाम बदलले. बदलताना आम्ही एकमेकांना त्यांच्या खोडी सांगत होतो. ह्याला डाव्या कानामागे खाजवलेलं आवडतं. ही पाण्याआधी बादली हुंगते, तिला घाई करायची नाही. कशाला सांगत होतो कोण जाणे. एका रात्रीपुरतं.* इथे बाईंना बंदूक नको होती. एकेक घोडा ओळीतून बाहेर न्यायचा, वाळूवरून त्याच्या टापा लांब जाऊ द्यायच्या, आणि त्या परत आणायच्या नाहीत, बस. टापरे ते करत गेला. एक जोडी वाजवायची, लांब न्यायची, खाली ठेवायची. दुसरी उचलायची. सगळ्या जोड्या बाकावर पालथ्या पडल्या तेव्हा गाणारीने शेवटचं कडवं म्हटलं, कसलाही सूर न ताणता, घरकाम करताना म्हणावं तसं:

घरी गेलो की पुसतील पोरं,
घोडा कुठाय, सांग की रे.
सांगीन त्यांना, मागून येतोय,
दार जरा धर उघडं रे.

"काढून टाक म्हणजे कुठे आहे तो ते तरी बघू दे," कापूस म्हणाला. त्याने एकेक ट्रॅक उघडून ऐकला. घोडा शेवटच्या ट्रॅकवर होता. त्याच जाड जोडीचा आवाज, त्याच वाळूवर, त्याच हाताचा. टापरेच्या मनगटातली जी एक हाडाची कट्कट जाड जोडीला नेहमी ऐकू यायची, तीसुद्धा होती. "तुझाच आहे," कापूस म्हणाला, "तूच वाजवलायस. सगळे मेल्यावर तू वाजवत बसलास." टापरेला आठवेना. त्याला आठवत होतं की त्याने जाड जोडी खाली ठेवली आणि हात मांडीवर ठेवले, आणि गाणं ऐकलं. त्याने बाकाकडे पाहिलं. जाड जोडी पालथी नव्हती. ती वाळूच्या ट्रेमध्ये होती, थोडी रुतलेली, आणि वाळूत अर्धवर्तुळांची एक ओळ ट्रेच्या कडेपर्यंत गेली होती. कडेला ती थांबली होती, पण ते फक्त ट्रे संपला म्हणून. "हा लंगडा आहे," कापूस कौतुकाने म्हणाला. "तीन पायांवर चाललाय. असा घोडा तू आधी कधी केला नव्हतास." बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी काढा, आज माझ्याच्याने ऐकवत नाही," आणि नाक शिंकरून निघून गेल्या.

टापरे तिथून सरळ दवाखान्यात गेला. रोज जायचा तसाच, त्याच रस्त्याने, त्याच टपरीवर न थांबता. वडिलांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसला. मशीन म्हणत होतं, टक्, टक्, टक्, आणि मग एक लांब सुस्कारा सोडत होतं. टक्, टक्, टक्, आणि सुस्कारा. तीन टापा आणि एक रिकामी जागा. म्हणजे हे असं होतं तर. इतके दिवस तो इथे बसत होता, आणि हातांनी ते उचलून नेलं होतं, चोरट्या पोरांसारखं, त्याला न सांगता. उलगडा झाल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. पण मग त्याच्या लक्षात आलं की ही लय त्याने मशीनकडून उचललेली नव्हती. ती त्याला त्याहून कितीतरी आधीपासून ठाऊक होती. शाळेचं पटांगण, पांढरी चड्डी, उन्हात तापलेली माती, आणि वडील, जे पटांगणावर वडील नसायचे: "एक! दोन! तीन!" चार ते कधीच म्हणत नसत. चार म्हणणं मास्तरांचं काम नव्हे, ते पायांचं काम, असं ते सांगत. ते तीन म्हणून थांबायचे आणि सगळ्या पटांगणाचे पाय एकदम पडायचे, धप्, आणि तोच चार. आपला पाय त्या धप्‌मध्ये आहे की नंतर आहे हे टापरेला कधीच कळायचं नाही. एकदा तो तापाने घरी होता तेव्हा खिडकीतून त्याने ते लांबून ऐकलं होतं, एक, दोन, तीन, आणि शाळेचे पाय तिथवर पोहोचत नव्हते, नुसते वडीलच पोहोचत होते, आणि त्या रिकाम्या जागेत आपण काहीतरी टाकायला हवं अशा भीतीने तो पलंगावर उठून बसला होता आणि त्याने भिंतीवर लाथ मारली होती. आता त्याने वडिलांकडे पाहिलं. तोंड नळीने थोडं उघडं, भुवया नेहमीसारख्या, कुणाचं तरी पाऊल चुकलंय अशा. सुस्कारा नव्हता तो. ते वाट बघत होते.

"तुमचं ठरलं?" पडद्याआडून बाईमाणसाचा आवाज आला. ही शिवणवाली. शेजारच्या पलंगावर तिचा थोरला भाऊ होता, तसाच, तशाच मशीनला, आणि त्याचंही एकच माणूस, ती. शाळेचे गणवेश शिवून देणारी ही बाई दवाखान्यातसुद्धा मांडीवर काहीतरी शिवण घेऊन बसायची आणि दोन पलंगांमधल्या हिरव्या पडद्यावर मनापासून चिडलेली असायची.

"नाही," टापरे म्हणाला. "तुमचं?"

"माझं रोज ठरतं. डॉक्टर समोर आला की उसवतं." तिने दाताने दोरा तोडला. "हा पडदा उलटा शिवलाय, माहितीय तुम्हाला? दुमड बाहेरच्या बाजूला. इतके दिवस बघतेय. सांगणार कुणाला?"

टापरेने मान हलवली. मग पडद्याकडे बघून, दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतं म्हणून, त्याने तिला रिसाल्याचं सांगितलं. पत्र, हुकूम, लगाम बदलणं, डाव्या कानामागे खाजवणं. सांगताना त्याच्या आवाजात तो पत्रवाला येत होता, त्याने तो खाकरून घालवला. शिवणवालीचा हात थांबला होता. बराच वेळ दोन्ही मशीनं आपापलं म्हणत राहिली, कधी एकत्र, कधी एकमेकांच्या मागे.

"म्हणजे कसं," ती म्हणाली, "माझा तुम्ही, आणि तुमचा मी?"

"मी घोड्यांचं सांगतोय, ताई."

"मी पण घोड्यांचंच म्हणतेय," शिवणवाली म्हणाली आणि तिने सुईत नवा दोरा ओवला.

सकाळी स्टुडिओत कापसाने तो घोडा पडद्यावर आणून ठेवला होता. दिसायला काहीच नव्हतं, नुसते तीन काळे डाग आणि एक फट, तीन डाग आणि एक फट, उजव्या कडेपर्यंत. "दाब," तो म्हणाला, "तुझं जनावर आहे." टापरेने बोट बटणावर ठेवलं. बटण गार होतं, मधे थोडं खोलगट, किती जणांनी काय काय काढून टाकलं असेल त्याची ती खोली. बोट दाबेना. काही थरथर वगैरे नाही. बोट नुसतं तिथे ठेवल्यासारखं राहिलं, विसरलेल्या छत्रीसारखं. बाई घड्याळ बघत होत्या. पत्रवाला म्हणाला, "प्रिय, उशीर होतोय." शेवटी कापसाने त्याचं बोट धरून अलगद बाजूला ठेवलं. "सरक. मी काढतो. मला कुठे ओळखतो तो." आणि दाबलं. मग सगळ्यांनी शेवट परत ऐकला. पत्र, गाणं, आणि नंतर खरोखरची शांतता, इतकी की त्यात गाणारीची सर्दी ऐकू आली. बाई रडल्या, सुरेख झालंय म्हणाल्या, माइकच्या वायरी गुंडाळायला सांगितल्या. टापरे करवंट्या पिशवीत भरत होता. "कापशा," तो म्हणाला, "तू तो काढलास म्हणजे तो गेला कुठे?"

"बाहेर," कापूस म्हणाला. त्याने कानात बोळे घालायला सुरुवात केली होती. "काढलं की बाहेरच जाणार ना माणूस."

रस्त्यावर आल्यावर तो मागे होता. लगेच कळलं नाही, कारण रस्त्याला त्याचे स्वतःचे आवाज असतात: शटर वर जाणं, बादली ठेवणं, कुणाच्या तरी चपलेचा तुटका पट्टा. पण टापरेचा कान या कामासाठीच होता. तीन, आणि जागा. तीन, आणि जागा. वाळूचा आवाज डांबरावर. तो थांबला की ते थांबत नसे, हे सगळ्यात वाईट. थांबलं असतं तर आपल्याच पावलांचा भास म्हणता आलं असतं. ते आपल्या चालीने येत राहायचं, एका ठराविक अंतरापर्यंत, आणि मग तिथे पाय बदलत उभं राहायचं. त्याने वळून पाहिलं. मागे एक म्हातारी हातगाडीशी भाव करत होती, एक पोर दप्तर ओढत चाललं होतं. पोराने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्याही मागे पाहिलं, आणि चालता चालता बाजूला सरकून वाट दिली.

दवाखान्यात शिवणवालीने होकारांच्या अदलाबदलीचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, "असं चालत नाही." त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. आपण झोपलोय आणि हे स्वप्नात चाललंय असं त्याला वाटत असावं, आणि तसं असेल तर निदान झोप तरी मिळतेय. "होकार ज्याचा त्यानेच द्यायचा. यांचे वडील, यांनी. तुमचा भाऊ, तुम्ही."

"आणि नंतर आत कोण बसायचं?" शिवणवालीने विचारलं.

"आत... आत कुणीही बसू शकतं. कुणी नसलं तरी चालतं. सिस्टर असतात."

"मग झालं तर," ती म्हणाली, भाव ठरल्यासारखी. "आम्ही बसतो. मी ह्यांच्याकडे, हे माझ्याकडे." आणि मग टापरेकडे वळून, "म्हणा तुम्ही आधी." टापरेने तोंड उघडलं. आज ते वडिलांबद्दल नव्हतंच, जणू एका अनोळखी म्हाताऱ्याबद्दल होतं, पडद्यापलीकडच्या, ज्याच्याजवळ दुसरंच कुणी बसणार होतं. "हो," तो म्हणाला. आवाज आला. चांगला स्वच्छ आला, माइकवर घ्यायचाच झाला तर एका झटक्यात घेता आला असता. शिवणवालीने "हो" म्हटलं ते पदराला नाक पुसत, घाईघाईत, चुलीवर काहीतरी ठेवून आल्यासारखं.

मग त्यांनी खोडी सांगितल्या. कॉरिडॉरमध्ये उभं राहून, कुणाच्या तरी जेवणाची ट्रॉली जाऊ देत. "डावा पाय त्यांना पांघरुणाबाहेर लागतो," टापरे म्हणाला, "कितीही थंडी असू दे. आणि उशी उभी करू नका, त्यांना वाटतं आजारी समजताय." शिवणवाली लक्ष देऊन ऐकत होती, माप घेताना ऐकावं तसं. "आवडतं काय त्यांना?" तिने विचारलं. टापरेने विचार केला. बराच केला. "काही नाही," तो म्हणाला. "त्यांना काहीच आवडायचं नाही. तुम्ही कशाची तरी तक्रार करा. त्यांना बरं वाटेल." ती म्हणाली, "दादाचं उलटं. दादाला शांतता सोसत नाही. जन्मभर कापडाच्या गिरणीत गेला, मागांच्या खडखडाटात उभ्याउभ्या झोपायचा. मशीन थांबलं की त्याला वाटेल संप झाला. काहीतरी वाजवत राहा."

"काय वाजवू?"

"तुम्हाला काय येतं?"

"घोडा," टापरे म्हणाला.

"मग घोडा."

दादा मोठ्या हाडापेराचा माणूस होता, त्याच्या हातांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा होत्या. टापरेने पिशवीतून जाड जोडी काढली आणि पलंगाच्या कडेला, दुमडलेल्या पांघरुणावर ती हलक्या हाताने चालवायला सुरुवात केली. लोकरीवर टाप वाळूसारखीच बसते, हे त्याला आज कळलं. चार पायांचा घोडा, नीट, एक दोन तीन चार. सिस्टरने एकदा पाहिलं आणि दादाचं मशीन बंद केलं, मग पडद्यापलीकडे गेली. पलीकडून शिवणवालीचा आवाज येत होता, दबका, चिडका, मनापासूनचा. "बघा ना मास्तर, दुमड बाहेर काढलीय. बाहेर! आणि टाके कसे घातलेत, कोंबडी नाचल्यासारखे. तुमच्या वेळी असं खपवून घेतलं असतं कुणी? रांगेत उभं केलं असतंत. आणि धुतात तरी का हो हे..." टक्, टक्, टक्, सुस्कारा. टापरेचा घोडा चालत होता. टक्, टक्, टक्. सुस्कारा आला नाही. त्या जागेत काहीतरी टाकायला हवं होतं, त्याच्या पायाला ते आधी कळलं, त्याची टाच फरशीवर उचलली गेली. पण हा घोडा दादाचा होता, दादाचं मशीनही गप्प झालं होतं, दादाच्या पापण्यांखाली काहीतरी सावकाश हलत होतं, आणि त्याला मधेच थांबता येत नव्हतं. टाच तशीच अधांतरी राहिली. पलीकडे शिवणवाली म्हणत होती, "...आणि खिडकीचे पडदे तर विचारूच नका."

बाहेर आल्यावर दोघं भिंतीला टेकून उभी राहिली. "काय म्हणाले?" टापरेने विचारलं. प्रश्न वेडगळ होता, पण तिने तो सरळ घेतला. "काही नाही. पण ऐकत होते. भुवई अशी केली होती." तिने करून दाखवली. अगदी तशीच. "पाय बाहेरच ठेवला होता मी. डावा." मग तिने विचारलं, "आणि आमचे?" टापरे म्हणाला, "मी वाजवायचं थांबवलं नाही. तेच थांबले." शिवणवालीने मान हलवली, पिशवीतून एक गणवेशाचा अर्धा शिवलेला सदरा काढला, त्यात तोंड लपवलं, आणि तिच्या खांद्यांना जे व्हायचं ते होऊ दिलं. टापरे तिच्या शेजारी उभा राहिला. रडू त्याला येत नव्हतं. त्याला कॉरिडॉरच्या टोकाकडून, ट्रॉल्यांच्या आणि चपलांच्या मधून, ते ऐकू येत होतं, आणि आता ते पाय बदलत उभं नव्हतं.

सिस्टर म्हणाली, घरून त्यांचे कपडे घेऊन या, धुतलेले, आणि बूट असतील तर बूट. टापरे निघाला. दुपार कलत होती, दुकानं अर्धी उघडी, उन्हात रस्ता फिकट पडलेला. तो मागे वळून बघत नव्हता. वळणावर थोडा थांबत होता, इतकंच, गर्दीत मागच्या माणसाची चुकामूक होऊ नये म्हणून थांबतात तसं. इमारतीची लिफ्ट जुनी होती, जाळीच्या दाराची. कुणी पाय ठेवला की ती थोडी दबायची, आणि लिफ्टमामा, ज्याला त्या पेटीत बसून दुसरा उद्योग नव्हता, त्या दबण्यावरून सांगायचा कोण जेवून आलंय, कोण वाळतंय, कुणाला दिवस गेलेत. वडील लिफ्टमध्ये नेहमी शेवटी चढायचे. रांगेचा शेवट मास्तरांनी सांभाळायचा असतो. टापरे आत शिरला, लिफ्ट त्याच्यापुरती दबली. "काय रे, एकटाच?" लिफ्टमामा म्हणाला. हात जाळीवर, नजर सवयीप्रमाणे समोरच्या भिंतीवर. "आज सोडणार होते ना म्हाताऱ्याला? मास्तर कुठेत?"

टापरेला खरं सांगायचं होतं. तोंड त्या आकाराचं झालंही.

"येताहेत मागून," तो म्हणाला. "दार जरा धरा."

लिफ्टमामाने दार धरलं. जिन्याखालच्या फरशीवर एक टाप वाजली. मग दुसरी, उंबऱ्याच्या अलीकडे. मग तिसरी, अगदी दाराशी. मग ती जागा आली, आणि टापरे त्या जागेत उभा राहिला, पांढऱ्या चड्डीत उभा राहायचा तसा, गुडघे जुळवून, श्वास धरून, आपला पाय टाकायचा नाही, आज आपण टाकायचा नाही, असं स्वतःला बजावत.

लिफ्ट दबली.

"बारीक झालेत हो फार मास्तर," लिफ्टमामा म्हणाला, आणि त्याने दार ओढून घेतलं.